ऑपरेटर मावशींचं ऊन

राग आला की माणसं आवाज चढवतात. ऑपरेटर मावशींचा उतरायचा. फोर्टातल्या एका कचेरीत त्यांनी सगळी नोकरी टेलिफोनच्या बोर्डापुढे काढली होती, आणि तिथली ती मऊ, अदबीची भाषा त्यांनी खास भांडणासाठी राखून ठेवली होती. एरवी सगळ्यांना अरे-तुरे. पण नळावर कुणी मध्येच घुसलं की म्हणायच्या, "कृपया, आपली बादली मागे घ्यावी." भोईवाड्यातल्या आमच्या चाळीत त्या 'कृपया'ला भलेभले टरकायचे.

त्यांच्या दारापुढच्या कठड्यावर ऑफिसटाइम असायचं. वीतभर झाड, रसाने फुगलेली बारीक पानं, गुलाबी, पिवळी, केशरी फुलं. ऊन चढलं, लोक कामाला लागले की उमलायचं आणि दुपारनंतर मिटायचं, म्हणून ते नाव. फुटक्या टबांना खालून भोकं पाडून त्यात माती थोडी आणि रेती जास्त. कुणी मायेने तांब्या घेऊन गेलं की मावशी हात धरायच्या. "अगं, त्याच्या पानातच पाणी असतं. वरून ओतशील तर कुजेल. त्याला ऊन दे, बाकी काही नको." नखाने शेंडे खुडायच्या आणि ती काडी मागेल त्याच्या हातावर ठेवायच्या. "नुसती खोच. लागेल." चाळीतल्या निम्म्या कठड्यांवर त्यांचीच झाडं होती.

मग चाळ पाडायचं ठरलं. बिल्डरचा माणूस रंगीत नकाशे घेऊन आला, तेव्हा मावशींनी एकच विचारलं, "आमच्या खिडक्यांत ऊन कुठून येणार?" तो हसला. "मावशी, सेल्फ-कंटेन्ड फ्लॅट मिळतोय आणि तुम्ही उन्हाचं काय घेऊन बसलात?"

काही वर्षांनी फ्लॅट मिळाला. रस्त्याच्या बाजूला बिल्डरने बाहेरच्यांना विकायला बांधलेला टॉवर, आणि आमची इमारत त्याच्या पाठीमागे, त्याच्या पार्किंगच्या मजल्यांना नाक लावून. भर दिवसा ट्यूब लावायची. कपड्यांना कुबट वास. माझ्या आईला डॉक्टरांनी हाडांसाठी उन्हात बसायला सांगितलं, तर ती त्यांना म्हणाली, "कुठल्या?" मावशींच्या खिडकीतलं ऑफिसटाइम फिकट होऊन लांबत गेलं. कळ्या धरायचं, त्या न उमलताच गळायच्या. आमचं ऊन कुणी कुणाला विकलं, हे आजतागायत आम्हाला कुणी सांगितलेलं नाही. विचारलं की लोक फ्लॅटचा आजचा भाव सांगतात!

ऊन होतं ते गच्चीवर, आणि गच्चीला कुलूप होतं. ते बिल्डरचं नव्हतं, आमचंच होतं, याचा मला अजून संताप येतो. सोसायटीचा सेक्रेटरी आमच्याच चाळीतला. शाळेत असताना मावशींच्या दारात अभ्यासाला बसायचा. "सेफ्टीचा प्रश्न आहे, मावशी," एवढंच त्याचं उत्तर. मावशी प्रत्येक मीटिंगला चावी मागत राहिल्या. अखेर त्याने नोटीस लावली: गच्ची सकाळी सहा ते नऊ उघडी राहील.

"अरे, हे फूल दहाच्या आधी उमलत नाही. नऊपर्यंत तर तो टॉवरच ऊन अडवतो."

"त्याला मी काय करू? रूल सगळ्यांना सारखा."

मावशींचा आवाज उतरला. "ठीक आहे. आपली आभारी आहे."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी एकेक टब वर नेला. शेवटच्या मजल्यापर्यंत लिफ्टने, पुढचा जिना दम घेत घेत. सगळे टब वर पोचले, झाडांनी उन्हात जीव धरला, कळ्या भरल्या. आणि मे महिन्यातल्या एका सकाळी नऊला सेक्रेटरी कुलूप घेऊन वर गेला, तेव्हा मावशी म्हणाल्या, "मी खाली येणार नाही."

"मग बसा," तो म्हणाला, आणि बाहेरून कुलूप लावून खाली आला.

आम्हाला हे कळलं ते आई अकराच्या सुमारास चहा घेऊन त्यांच्याकडे गेली तेव्हा. दार बंद. जिन्यात सेक्रेटरी भेटला, तर तो फोनवर बोलता बोलता सांगतो, "गच्चीवर आहेत. स्वतःच्या हट्टाने." आईने मला हाक मारली, मजल्यावरची सगळी दारं ठोकली. आम्ही दहा-बारा जण वर धावलो. कुणीतरी दाराला खांदा लावला, तोच पलीकडून मावशींचा आवाज आला, अगदी बारीक:

"कृपया, दार तोडू नये. ज्यांनी लावलं त्यांनी येऊन उघडावं."

त्याला आणावंच लागलं. त्याने कुलूप काढलं. मावशी पाण्याच्या टाकीच्या हातभर सावलीत पदर डोक्यावर घेऊन बसल्या होत्या. चेहरा लालबुंद, ओठ सुकलेले. समोरचे सगळे टब फुलांनी भरून गेले होते.

"बघ," त्या त्याला म्हणाल्या, "हे बघायला चावी मागत होते."

तो कुलूप खिशात घालून खाली गेला. गच्चीला त्यानंतर कुलूप लागलं नाही, पण माफीही कुणी मागितली नाही. पुढे आई रोज वर जाऊन उन्हात बसायची, मावशींबरोबर काड्या खोचायची. दीड-दोन वर्षांनी मावशी न्यूमोनियाने गेल्या.

सोसायटीच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. मावशींच्या फोटोला हार घालून सेक्रेटरी बोलायला उभा राहिला. मावशींचं निसर्गप्रेम, त्यांचा प्रेमळ स्वभाव. मग म्हणाला, "त्यांच्या या छंदासाठी कमिटीने गच्ची उपलब्ध करून दिली, याचं समाधान आहे."

आई उठली. "तू त्यांना उन्हात कोंडलं होतंस."

सेक्रेटरी म्हणाला, "काकी, आज हा विषय नको. बसा तुम्ही."

"माफी माग. मग बसते."

हाडांच्या दुखण्याने आईला फार वेळ उभं राहणं जमत नाही. पुढच्या खुर्चीची पाठ धरून ती उभी राहिली. तो आमच्याकडे बघत राहिला. कुणीही त्याच्या मदतीला आलं नाही. शेवटी फोटोकडे वळून, मान खाली घालून तो काहीतरी पुटपुटला.

"मागच्यांना ऐकू आलं नाही," आई म्हणाली. "पुन्हा बोल."