अकरा कोरे फ्लास्क

माझा धाकटा भाऊ एकतीस वर्षं एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. मुलं त्याला मामा म्हणतात. घरी आला की तो आधी कोपरापर्यंत हात घासत बसतो. भावजय म्हणते, पुरे आता, कातडं निघेल. तो म्हणतो, ॲसिडचा वास जातो गं, जर्नलांचा जात नाही.

जर्नल म्हणजे प्रॅक्टिकलची वही. थोरल्या भावंडाची वही धाकट्याकडे येते ती आकड्यांसकट. ब्युरेटच्या मोजनळीत काहीही दिसो, वहीत साडेबारा म्हणजे साडेबाराच. कुणाचं वेगळं आलंच तर ते हळूच विचारतं, मामा, किती यायला हवं? आणि हा सांगायचा. आधी मायेपोटी, मग सवयीनं. या उसन्या आकड्यांची त्याला इतकी शिसारी आहे की तुंबलेलं सिंक हातानं उपसतानासुद्धा त्याचं तोंड तेवढं वाकडं होत नाही.

यंदा नव्या बाईंनी एक सत्र मागून घेतलं. ठरलेले प्रयोग बंद. प्रत्येक जोडीनं आपापल्या घरचं पाणी आणायचं, त्यात क्षार किती ते मोजायचं आणि सगळ्यांचे आकडे मिळवून गावाच्या पाण्याचा नकाशा करायचा. उत्तर कुणालाच ठाऊक नाही, बाईंनाही नाही. विभागप्रमुख म्हणाले, निकाल बघून पुढच्या वर्षीचं ठरवू. पहिल्याच दिवशी एकानं विचारलं, तेव्हा भाऊ म्हणाला, मला माहीत नाही. हे मला सांगायला तो मुद्दाम वाट वाकडी करून आला होता.

निकालाच्या दिवशी चौदा जोड्यांचे चौदा आकडे आले, सगळे एकशे ऐंशी ते एकशे पंच्याऐंशीमधले. कुणाचं पाणी नळाचं, कुणाचं बोअरचं, एकीचं तर टँकरचं. विभागप्रमुख खूश झाले. असं नीटनेटकं काम हवं, म्हणाले. पुढच्या वर्षीही चालू ठेवा. बाईंचा चेहरा मात्र उतरला. इतक्या वेगळ्या पाण्यांचे आकडे सारखे कसे, आपलं द्रावणच बिघडलं असणार, असं म्हणत त्या बाटल्या तपासायला लागल्या.

भाऊ सिंकपाशी उभा होता. या प्रयोगात शेवटी फ्लास्कमधलं पाणी निळं होतं. समोरच्या चौदांपैकी तीनच फ्लास्क निळे होते. उरलेले अकरा त्यानं सकाळी पुसून ठेवले होते तसेच, कोरडे ठणठणीत. गप्प बसला तर बाईंचा प्रकल्प तरत होता. बोलला तर त्याच्याच तोंडानं बुडणार होता. त्यानं सगळे फ्लास्क ट्रेमध्ये भरले आणि ट्रे दोघांच्या पुढ्यात नेऊन ठेवला.

"बाई, द्रावण ठीक आहे. अकरा जोड्यांनी पाणी मोजलंच नाही."

विभागप्रमुख म्हणाले, "मामा, तुम्ही भांडी धुवा. निकालाचं आम्ही बघतो."

"भांडी धुतो म्हणूनच सांगतोय, साहेब."

बाईंनी मुलांना विचारलं. कुणी आढेवेढे घेतले नाहीत. एक मुलगा तर अगदी निरागसपणे म्हणाला, "मॅडम, त्यांचं उत्तर सगळ्यांत आधी आलं. म्हणजे बरोबर तेच असणार ना?" त्याच्या घरी बोअरचं पाणी, आकडा घेतला होता नळवाल्यांचा. भावाला त्या मुलाचा राग आला नाही.

विभागप्रमुखांनी तिथल्या तिथे सांगून टाकलं, पुढच्या वर्षी जुनेच प्रयोग. सत्राचे चार आठवडे उरले होते. बाईंनी अकरा आकडे खोडले आणि पुन्हा पाणी आणायला लावलं. टँकरवालीचं चारशेच्या वर आलं; तिनं तीनदा मोजलं. चार जोड्यांनी मात्र पुन्हा शेजाऱ्यांचेच आकडे उतरवले.

"किळस येते गं ताई," तो माझ्याकडे येऊन म्हणाला. "आणि शिकवलं कुणी त्यांना? मीच ना?"

प्रकल्प चालू ठेवावा, असा प्राचार्यांना अर्ज करायचा त्यानं ठरवलं. अक्षर चांगलं म्हणून लिहायला मला बसवलं. तो सांगत गेला, मी लिहीत गेले. "इतकी वर्षं मुलांना उत्तरं मीच सांगत आलो", हे वाक्य मी गुपचूप गाळलं. नोकरीची अजून दोन वर्षं बाकी आहेत त्याची. सही करण्याआधी त्यानं कागद दोनदा वाचला आणि माझ्यापुढे सरकवला.

"ताई, एक ओळ राहिलीय. लिही."

मी नवा कागद घेतला.