केसभर

केसभरचा त्या दिवशीचा दिवस पहाटे चारला सुरू झाला, कारण त्याची दाढ चारला उठली. खालची, उजवीकडची. त्याने मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या, गाल उशीत दाबून पाहिला आणि पाचला हार मानून चहा टाकला.

"दुसऱ्याची गाडी नुसती खोकली तरी धावता," बायको म्हणाली. "स्वतःची दाढ आठ महिने बोंबलतेय, ती तेवढी ऐकू येत नाही."

त्याने चहा डाव्या बाजूने घोटला. उत्तर द्यायचं तर तोंड उघडावं लागलं असतं.

स्वयंपाकघरातल्या फळीवर बायकोने बिस्किटांचा एक जुना डबा ठेवला होता. दर पगाराला ती त्यात थोडे पैसे टाकायची आणि म्हणायची, हे दाढेचे. त्या डब्यातून आजवर नातीचे बूट आले, मोरीचा नळ आला, टेबलावरचा पंखा आला. दाढ होती तिथेच होती. खरी अडचण पैशांची नव्हतीच. तापल्या इंजिनात कोपरापर्यंत हात घालणारा हा माणूस दातांच्या डॉक्टरची पाटी दिसली की रस्ता बदलायचा.

त्याचं खरं नाव गॅरेजात कुणाला आठवत नव्हतं. सतराव्या वर्षी त्याने उस्तादासमोर एक गंजलेला बोल्ट तोडला होता. उस्तादाने मारलं नाही. तुटलेला तुकडा त्याच्याकडूनच दोन दिवस कानशीने घासून काढून घेतला आणि मग सांगितलं, अडकलेली वस्तू थेट सोडवायला जाऊ नये. आधी केसभर आवळावी. गंजाची पकड तिथे मोडते. मग सोडवावी, पुन्हा थोडी आवळावी, पुन्हा सोडवावी. हा धडा त्याने पुढे भेटेल त्याला इतक्या वेळा ऐकवला की त्याचं नावच केसभर पडलं. डोक्यावर एकही केस नसलेल्या माणसाला या नावाने हाक मारताना गॅरेजला रोज नव्याने मजा यायची. तोही ओ द्यायचा.

सव्वीस वर्षं त्या गॅरेजात त्याने एकही प्लग तोडला नव्हता. त्या दिवशी सकाळी साडेनऊला तोडला.

गाडी राखी रंगाची, जुनी, पण नीट वापरलेली. चढावर धापा टाकते म्हणून एक बाई सकाळीच ठेवून गेल्या होत्या. दोन वाजता गाडी हवीच, असं त्यांनी मालकाला बजावलं होतं. दोन तासांवरच्या एका गावात अकरा म्हातारी माणसं वाट बघत बसणार होती. कशाची, ते मालकाने विचारलं नव्हतं. इंजिनात ठिणगी पाडणारे चारही प्लग बदलायचे होते. तीन मुकाट्याने निघाले. चौथा कुणीतरी मागे जोर लावून आवळलेला असावा. केसभरने पाना बसवला, आणि नेमकी त्याच क्षणी दाढेतून कानापर्यंत कळ गेली. एकदाचं संपवावं असं वाटलं. आवळायचं राहिलं. त्याने सरळ ओढला.

कट् असा आवाज झाला. पान्यात प्लगचा वरचा अर्धा भाग आला. आट्यांचा खालचा अर्धा इंजिनाच्या डोक्यात तसाच राहिला.

मालक आवाज ऐकून आला. वाकून बघितलं, सरळ उभा राहिला.

"तुझा केसभर कुठे गेला होता आज?"

"दाढेत," केसभर म्हणाला.

मालक माणूस चांगला, पण घाईचा. त्याने कपाटातून तुटके तुकडे काढण्याचं विकतचं हत्यार आणलं, उलट्या आट्यांचं. ठोक आणि फिरव, म्हणाला. आत आटे खरवडले गेले तर अख्खं हेड उतरवावं लागेल, म्हणजे तीन दिवस गेले आणि बाईंना दिलेला शब्द मोडला. केसभरने ते हत्यार हातात घेतलं, फिरवून पाहिलं आणि परत दिलं. ते एकाच दिशेला धरतं. सोडवता येतं, आवळता येत नाही. एकदा चुकलोय, तीच चूक हत्याराच्या नावावर पुन्हा करणार नाही, असं त्याने सांगितलं. मालक म्हणाला, कर तुझं काय ते, पण दोन म्हणजे दोन.

त्याने मोडीतून टायर काढायच्या पहारीचा एक तुकडा शोधला. शेगड्याच्या जबड्यात आवळून धरला आणि कानस घेऊन बसला. टोक चौकोनी हवं होतं, निमुळतं. चारही कडांनी आत रुतेल आणि दोन्हीकडे सारखं फिरेल असं. दीड तास गेला. या दीड तासात त्याने उठून पाणीसुद्धा प्यायलं नाही. मधे दोनदा तुटक्या प्लगवर गंज सोडवणारं तेल सोडलं. प्लगच्या आतल्या चिनीमातीचे तुकडे चिमट्याने वेचले. टोकाला ग्रीस फासलं, म्हणजे बारीक कण खाली पडण्याऐवजी त्याला चिकटतील. मग टोक आत ठेवून हातोडीने तीन ठोके दिले, हलके.

आवळलं. काही नाही. सोडवलं. काही नाही. पुन्हा तेल, पुन्हा थांबणं. मालक घड्याळाकडे बघून येरझाऱ्या घालत होता. त्याच्या चपलांचा आवाज केसभरच्या दाढेत वाजत होता.

एकला बाई आल्या. काय झालं ते केसभरने स्वतःच सांगितलं, माझ्या हातून तुटला म्हणून. त्या रागावल्या नाहीत. सामान ठीक आहे ना बघायला त्यांनी गाडीची डिकी उघडली. आत अकरा छोटे डबे ओळीने बांधलेले होते. एकाचं झाकण सरकलं होतं आणि आतून गुलाबी हिरड्यांची कवळी दात दाखवत होती. हसतील त्यांचे दात दिसतील म्हणतात. इथे हसणारे गावात बसले होते आणि दात आधी निघाले होते.

केसभरला बाई कोण ते कळलं. त्याचा हात आपोआप सुजलेल्या गालावर गेला आणि गाल ग्रीसने काळा झाला.

डॉक्टरीणबाईंनी गाल पाहिला, पण बोलल्या त्या प्लगबद्दल. "तुम्ही आधी आवळता का?"

"केसभर."

"मीही तसंच करते. दात आधी आत दाबायचा, मग हलवायचा. थेट ओढला तर मूळ आत राहतं."

केसभर पान्यावर हात ठेवून त्यांच्याकडे बघत राहिला. एवढ्या वर्षांत उस्तादाचं वाक्य कुणी त्यालाच परत ऐकवलं नव्हतं.

मग त्याने केसभर आवळलं. आतून बारीक कर्रर्र आलं. सोडवलं. अर्धा आटा सरकला. पाव परत आवळला, पुन्हा सोडवला, तेल, पुन्हा. मालकाच्या चपला थांबल्या. दीड वाजून गेल्यावर तुकडा त्याच्या बोटांत आला, आख्खा. त्याने हवा मारून आत साफ केलं, नवा प्लग घेतला आणि पाना न लावता नुसत्या बोटांनी फिरवला. शेवटपर्यंत मऊ गेला. आटे शाबूत होते.

दोनला पाच कमी असताना गाडी सुरू झाली, एका सुरात. डॉक्टरीणबाई बसता बसता म्हणाल्या, "उद्या दहाला या. गाल धुऊन या."

यावेळी त्याने रस्ता बदलला नाही. बायको डबा घेऊन सोबत होती, म्हणून बदलताही आला नसता. खुर्चीत त्याने एकच विचारलं, "आधी आत दाबणार ना?" हो म्हटल्यावर त्याने तोंड उघडलं.

कवळ्या सगळ्यांना बसल्या, एका आजोबांनी तिथेच शेंगदाणे मागितले, असं डॉक्टरीणबाईंनी काम करता करता सांगितलं. त्याला हसता येत नव्हतं. पैसे त्या घेत नव्हत्या. केसभरने गालातल्या कापसातून, दर शब्दाला थांबत सांगितलं, की काम झालं की दाम, तुमचं असो नाहीतर माझं. बायकोने डबा टेबलावर पालथा केला.

संध्याकाळी डबा फळीवर परत गेला. बायकोने तो कानाशी धरून हलवला. आत एकच वस्तू वाजली: आठ महिन्यांच्या पगारातून आलेली दाढ, मुळासकट.