दर्याचा पाट

दर अमावास्येला नि पौर्णिमेला, भर दुपारी भरती पुरी चढली की तात्या आपल्या शेवटच्या माडापासून पाण्यापर्यंत टाचेला अंगठा भिडवत पावलं मोजत जायचे. मध्येच कुणी हाक मारली तर एक शिवी हासडायची आणि पुन्हा माडापासून सुरुवात.

ऐंशीनंतरची ती वर्षं. मी गावच्या शाळेत शिकवत होते. आमचं घर पाखाडीच्या दगडी पायऱ्यांच्या वर, तात्यांचं खाली, वाळूच्या टेकाडाच्या आड. पावसाळ्यात किनाऱ्याच्या पुळणीवरची वाळू जायची, दिवाळीपर्यंत परत यायची. एका वर्षी टेकाडच सरकल्यासारखं वाटलं म्हणून मी घाबरून विचारलं, तर म्हणाले, "दर्या पाव्हणा हाय गो बाय. पाव्हण्याला बसायला पाट लागतो. ही वाळू म्हंजे त्याचा पाट. तो सरकवील, हलवील. आपण काढून घ्यायचा न्हाय, येवढाच."

समुद्र हाकेच्या अंतरावर असून त्यांच्या विहिरीचं पाणी गोड होतं. त्याचा त्यांना भारी तोरा. आल्यागेल्याच्या हातात आधी तांब्या द्यायचा आणि तोंडाकडे बघत बसायचं. "गोड आहे हो" म्हटल्याशिवाय चहा मिळत नसे. मी तर चहासाठी दोनदा म्हणायची.

मग मुंबईहून माझा भाऊ आला. घर वाढवायचं होतं, जोतं भरायला वाळू हवी होती. तात्यांनी नाही म्हटलं नाही. "घर बांधताव, न्या. मागल्या अंगानं न्या. पण येल तोडू नका." टेकाडाला धरून बसलेली मर्यादवेल, जांभळ्या फुलांची.

मागच्या अंगाला, घरांच्या बाजूला, बैलगाडीचं चाक रुतायला लागलं. तात्या त्या दिवशी मिरकरवाड्याला गेले होते. भाऊ म्हणाला, "वाळू काय, दिवाळीला परत येतेच. तात्याच सांगतात ना?" मलाही ते पटलं. कोयती माझ्याच हातात होती. समुद्राच्या बाजूने गाडीपुरती वेल मी तोडली, आणि दोन दिवस गाडी त्या वाटेने आली-गेली. टेकाडात खिंड पडली.

श्रावणातल्या उधाणाला पाणी त्याच खिंडीतून आत शिरलं आणि विहिरीत उतरलं. तात्यांनी तीनदा विहीर उपसली. खारी ती खारीच. आम्हाला ते एका शब्दानंही बोलले नाहीत. दिवाळीला वाळू आली, पण खाली पुळणीवर. खिंड भरली नाही. पुढच्या पावसात ती रुंदावली आणि पावलं मोजायचा माडच आडवा झाला. त्यांच्या ओटीवर पुन्हा कधी तांब्या दिसला नाही.

लेक त्यांना मंडणगडला न्यायला आली. निघताना पाखाडी चढून ते आमच्या नव्या जोत्यावर टेकले. मी पाणी आणलं. वेल मी तोडली हे आज सांगायचंच, असं ठरवून आणलं होतं. ते तांब्या वर धरून सगळं पाणी प्यायले आणि तोंड पुसून माझ्या तोंडाकडे बघत म्हणाले, "गोड हाय गो."

ते जोत्यावर तळवा ठेवून उठले आणि एस.टी.कडे चालू लागले. मला रडू यायला हवं होतं. मी आत जाऊन तांब्या घासून पालथा ठेवला आणि शाळेत गेले.