दोन पात्यांचा तोल

आमचे काका वजनकाटे दुरुस्त करतात. त्यांना चहाचा कपसुद्धा बशीच्या बरोबर मधोमध लागतो. माझ्या नाटकासाठी त्यांनी दोन पात्यांची, उजेडाची तलवार केली. मुठीच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन सेल, वायरी तोलून कापलेल्या. बटणाच्या वजनाने एक बाजू झुकायला नको, म्हणून तेही मुठीच्या ऐन मध्यावर. पेटवून बोटावर ठेवली, तर जराही कलेना.

मी मूठ धरली. बटण दाबलं गेलं आणि दोन्ही पाती विझली.

"काका, धरली की विझते ही."

चूक कबूल करतील तर ते काका कसले.

"मग धरू नकोस. एवढा तोल काय उगाच साधलाय?"

मी हात काढला. तलवार त्यांच्या पायांवर आदळली. काका मटकन खाली बसले, दोन्ही अंगठे चोळत म्हणाले, "बघ. दोन्हीकडे सारखंच लागलंय."