वाचून दाखविले

प्रमिला साळवे गेल्याचे त्यांच्या भाचीने, मीनलने, मला फोनवर कळवले तेव्हा मी आनंदनगरमधल्या आमच्या कारखान्यात एका नव्या कामगाराला त्याचे नेमणूकपत्र वाचून दाखवत होतो. "काका, मावशी सकाळी गेली," एवढेच ती म्हणाली. मी फोन ठेवला आणि राहिलेली तीन कलमे त्या गृहस्थांना वाचून दाखवू लागलो. एका ओळीवर मी अडखळलो, तेव्हा ते घाबरून म्हणाले, "साहेब, लेटरमध्ये काय लफडा आहे का?" नाही म्हणालो, आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचले. अर्धे वाचून सोडलेले बाईंना चालले नसते...

मी पदवीधर झालो आणि विधी महाविद्यालयाचा अर्ज मुदतीनंतर घेऊन गेलो, त्या वर्षी बाई मला भेटल्या. आजची मुले ज्याला 'गॅप इयर' म्हणतात, त्याला आमच्या अंबरनाथच्या घरात 'वाया गेलेले वर्ष' म्हणत. वडिलांनी ओळखीने मला उल्हासनगरच्या एका सिंधी वकिलांच्या कचेरीत नेऊन बसवले. टाइपरायटरमागे चाळिशीच्या आतबाहेरच्या साळवेबाई बसलेल्या होत्या. "साळवे, ये ग्रॅज्युएट है," वकीलसाहेब म्हणाले, "इसको पहले काम सिखाओ, कानून बाद में सीखेगा." बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "मोठ्याने वाचता येतं का?" मला हसू आले. "बाई, मी बी. ए. आहे." "ते नाही विचारलं."

त्यांच्या प्रश्नाचा अर्थ मला पहिल्याच दिवशी कळला. पक्षकाराची सही किंवा अंगठा ज्यावर घ्यायचा, तो प्रत्येक कागद बाई त्याला मोठ्याने वाचून दाखवत. एक लाकडी फूटपट्टी ओळीखाली धरत, आधी कागदातली भाषा जशीच्या तशी वाचत, मग समोरच्याच्या बोलीत समजावून सांगत. दुकानदाराला हिंदीतून, बदलापूरच्या म्हातारीला तिच्या बोलीतून. एकही शब्द गाळायचा नाही, हा त्यांचा नियम. वाचून झाले की कचेरीच्या प्रतीवर, समासात, शाईने लिहीत : 'वाचून दाखविले – प्र. सा.' वकीलसाहेब कधी वैतागत. "अरे साळवे, नाटक का प्रयोग है क्या? टिकट लगाऊं बाहर?" "लावा साहेब," बाई मान वर न करता म्हणत, "पण मध्यंतर मिळणार नाही." त्यांचा आवाज गोड नव्हता, थोडा घोगराच होता. पण कुणी आपल्यासाठी इतक्या सावकाश वाचते आहे, हे ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर उमटत असे. त्या कचेरीची आठवण आली की मला आधी तो आवाज ऐकू येतो, मग भिंती दिसतात.

माझ्या हातून जे घडले ते बाई रजेवर असलेल्या दिवशी घडले. बदलापूर गावातले दोन भाऊ आपल्या थोरल्या बहिणीला, हौसाबाईला, घेऊन आले होते. हक्कसोडपत्र तयार होते. वडिलांच्या जमिनीतला आपला हिस्सा बहिणीने भावांसाठी कायमचा सोडल्याचा तो दस्त. वकीलसाहेब कल्याणच्या न्यायालयात गेलेले. भावांना नोंदणी कार्यालय बंद होण्याआधी पोहोचायचे होते. "तिला सगलं माहीत हाय, लवकर करा," असे ते म्हणत होते आणि हौसाबाई पदराने कपाळ टिपत माझ्याकडे बघत होती. तिच्या बघण्यात प्रश्न होता. तो मला दिसला होता, हे मी इतक्या वर्षांनी लिहून ठेवतो. मी दस्त वाचला नाही. अंगठे कुठे द्यायचे ते दाखवले, आणि कचेरीच्या प्रतीवर नेहमीच्या रिवाजाने लिहून टाकले : 'वाचून दाखविले'. खाली प्र. सा. ही अक्षरेसुद्धा मीच घातली. समास रिकामा दिसू नये, एवढाच त्या क्षणी माझा विचार होता...

दीड महिन्याने हौसाबाई एकटी कचेरीत आली आणि थेट बाईंच्या टेबलापाशी उभी राहिली. "बाय, तुमी सगल्यांना कागद वाचून दाखवता. मना कुनीच नाय वाचला. मना वाटला, बापाच्या जागी आमची नावं लावायचा कागद हाय." बाईंनी प्रत काढली. समासातल्या अक्षराकडे पाहिले, मग माझ्याकडे. एवढ्यात आतून वकीलसाहेब आले, त्यांनी प्रत हातात घेतली आणि त्यांचा आवाज चढला. "साळवे, ये क्या है? पढा था कि नहीं पढा था?" बाईंची त्या दिवसाची रजा त्यांच्या लक्षात नव्हती. बाई काही क्षण थांबल्या. तो अवकाश माझ्यासाठी होता. मी पुढे व्हायला हवे होते. मी फायलीची गाठ बांधत राहिलो. मग त्या म्हणाल्या, "खाली नाव माझं आहे, साहेब."

दुसऱ्या दिवसापासून त्यांचे टेबल आतल्या खोलीत गेले. फक्त टायपिंग करायचे, पक्षकारांशी बोलायचे नाही. बाहेर दस्त भराभर होऊ लागले, आणि कचेरीत वाचनाचा आवाज पुन्हा कधी उमटला नाही.

त्या रविवारी बाईंनी मला बदलापूर स्टेशनवर बोलावले. गावापर्यंत आम्ही चालत गेलो. वाटेत त्या एकदाच बोलल्या. त्यांचे वडील काड्यापेटीच्या कारखान्यात होते. सणाची उचल मिळणार म्हणून त्यांनी एका कागदावर अंगठा दिला. तो राजीनामा निघाला. "आम्हा पोरांना शाळेत घालायचं त्यांनी त्या दिवशी ठरवलं," बाई म्हणाल्या. "आता चल, वाचायचंय तुला." हौसाबाई अंगणात वाल निवडत बसली होती. बाईंनी पिशवीतून दस्ताची नक्कल आणि फूटपट्टी काढून माझ्या हातात दिली. मी वाचू लागलो. 'राजीखुशीने व कोणाच्याही दबावाशिवाय' या शब्दांवर हौसाबाईने हात वर केला. "ह्या मी बोलले? परत वाच." मी परत वाचले. "परत." तिसऱ्यांदा वाचताना माझ्या डोळ्यांना ओळ दिसेना. ती सुपातले वाल खालीवर करत म्हणाली, "वाचतोस चांगला रं. मंग तवा काय झाल्ता?"

मी बाईंकडे पाहिले. त्यांनी मला सोडवले नाही. दुसऱ्या एका वकिलाकडे त्यांनीच हौसाबाईला नेले. पुढे भावांनी तिला घरालगतची जागा दिल्याचे ऐकले; ती कायद्याने दिली की लाजेने, मला ठाऊक नाही. माझे वर्ष संपले आणि मी विधी महाविद्यालयात गेलो. वकीलसाहेबांना खरे सांगायला माझ्यापाशी पुढचे कितीतरी महिने होते, पुढे कितीतरी वर्षे होती. आता तेही हयात नाहीत. वकिली मी केली नाही. कारखान्यात कामगारांचे कागदपत्र सांभाळतो, आणि एकही कागद वाचून दाखवल्याशिवाय कुणाची सही घेत नाही. लोक याला माझा चांगुलपणा समजतात. त्यांना काय सांगावे...

बाईंना शेवटचे भेटलो ते अंबरनाथला, त्यांच्या घरी. त्यांची नजर जवळजवळ गेली होती. आज बोलायचेच, असे ठरवून मी गेलो होतो. "बाई, त्या दिवशी साहेबांसमोर..." मी सुरुवात केली. "ते राहू दे," त्यांनी एक लग्नपत्रिका पुढे केली, "आधी हे वाच. मीनल नुसती तारीख सांगते आणि मोकळी होते." मी निमंत्रकांच्या नावांपासून वाचत गेलो. खालची बालगोपाळांची 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं' ही ओळही वाचली. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. "बरं वाचतोस आता," म्हणाल्या. मग चहा आला, शेजारीण आली, आणि माझे वाक्य पुढच्या भेटीवर राहिले.

गेल्या आठवड्यात मीनलने वारसाच्या प्रतिज्ञापत्रावर साक्षीदार म्हणून मला बोलावले. मावशीच्या टेबलात सापडलेली फूटपट्टी तिने माझ्यासाठी आणली होती. मधले आकडे झिजून गेलेले, कडा बोटांनी काळवंडलेली. उल्हासनगरच्या एका नोटरीच्या छोट्या कचेरीतला माणूस घाईत होता. "काका, इथे, इथे आणि इथे." मी म्हटले, जरा थांबा, आधी हिला वाचून दाखवतो. पट्टी ओळीखाली धरली आणि वाचत गेलो. तिसऱ्या ओळीत बाईंचे नाव होते, आणि नावाच्या आधी 'मयत' हा शब्द. तिथे मी थांबलो. मीनल हळूच म्हणाली, "काका, तेवढं सोडा. ते माहीत आहे आपल्याला." खरेच सोडता आले असते... मी ओळीच्या सुरुवातीला परत आलो आणि ती ओळ पूर्ण वाचली. मग शेवटपर्यंत वाचले.

मीनलने सही केली, मी साक्षीदाराची केली. आमच्याकडे राहणाऱ्या प्रतीच्या समासात मी लिहिले, 'वाचून दाखविले', आणि त्याखाली माझे नाव, पूर्ण.