वाकड्या माडाखालचं घर

हौसाबाई भित्री. हे सगळी वाडी म्हणते, आणि अगदी तिच्या तोंडावर म्हणते. पाल चुकचुकली की बसल्या जागी कृष्ण कृष्ण, वीज चमकली की देवासमोर नाक घासणं, आणि नवरा होडी घेऊन दर्यात गेला की तो परत येईपर्यंत घशाखाली घास उतरायचा नाही. मासेमाराच्या बायकोनं असं करून कसं चालायचं? पण ती चालवत होती बापडी. हीच बाई बाजारात माशांची टोपली पुढ्यात घेऊन बसली की भल्याभल्यांना भाव करू द्यायची नाही. तिथं तिला कुणाच्या बापाची भीती वाटायची नाही. भीती काय ती सगळी घरची.

माहेर तिचं खारेपाटणचं, खाडीकाठचं. तिकडचं पाणी संथ, कुणाच्या अंगावर धावून न येणारं. लग्न होऊन आली ती आचऱ्याच्या अलीकडच्या या वाडीत, थेट पुळणीवर, दर्याकाठच्या वाळूत. सासरचं घर म्हणजे चुडतांनी, माडाच्या विणलेल्या झावळ्यांनी, शाकारलेला झाप. उधाण आलं की पाणी अंगणात, मोठं उधाण आलं की चुलीत. "माका हय भ्या दिसता," असं तिनं लवूला, म्हणजे नवऱ्याला, लग्नाच्या पहिल्याच पावसाळ्यात सांगितलं आणि नंतर वर्षानुवर्षं सांगत राहिली. लवू हसायचा. म्हणायचा, "दर्या काय तुका खाता?" तिला वाटायचं, खाईल की! त्याला कोण विचारणार आहे?

शेवटी एकदाचं तिनं घर बांधून घेतलंच. लवूच्या वडिलांची मागे उंचवट्यावर माडांची थोडी जागा होती, तिथं. चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, पुढे दर्याकडे तोंड करून ऐसपैस पडवी. भिंती उभ्या राहिल्या तसा हौसाबाईला हुरूप चढला. मासे विकून आली की पदर खोचून तिकडे. चिऱ्यांच्या सांध्यांतला गिलावा तिनं स्वतः बोट फिरवून बघितला, गवंड्याला दोनदा उकरायला लावला. खिडक्यांना हिरवा रंग दिला तो तिच्या हातचा. आणि दरवाजे! दरवाजे फणसाचे, दाजी मेस्त्रीनं केलेले, पिवळेधमक. त्यांना तेल चोळता चोळता ती गाणं म्हणायची, इतकी खूश. शेजारची जानकी एकदा म्हणाली, "गो, घोवाक कदी इतक्या मायेन तेल लायलंस काय?" नवऱ्याचं नाव निघाल्यावर हौसाबाई लाजली, पण चोळायची थांबली नाही.

दोन हजार नऊ साली तुळशीची लग्नं लागली आणि त्या पाठोपाठ ही मंडळी नव्या घरात राहायला आली. जागेच्या राखणदार देवाला नारळ दिला, गाऱ्हाणं घातलं, सगळं रीतसर. आता हौसाबाई सुखानं झोपेल असं लवूला वाटलं. झोपते कसली! आता तिला माडाची भीती.

अंगणाच्या दर्याकडच्या कोपऱ्यात एक जुना माड होता. बाकीचे माड सरळसोट, हा एकटाच आधी दर्याकडे वाकलेला आणि मग वर जाऊन पुन्हा घराकडे वळलेला. अंगानं सगळ्यांहून उंच. वारा सुटला की त्याचा शेंडा थेट पडवीच्या कौलांवर यायचा. एक नारळ पडला आणि तीन कौलं फुटली, त्या दिवसापासून हौसाबाईचं लक्ष वरच. पडवीत भांडी घासताना वर, केर काढताना वर. मान अवघडली बिचारीची.

"तो माड तोडून टाकुया," ती लवूला म्हणाली.

"कोणतो? वाकडो? तो रवांदे."

"अहो, घरार पडतलो!"

"माज्या आज्यापासून पडलो नाय तो आता पडतलो? रवांदे म्हणतंय ना."

बस्स, एवढंच. का राहू दे, ते नाही सांगितलं. आणि इथंच सगळं चुकलं. या पुळणीसमोर पाण्यात खडप आहे, खडकांची लांबच लांब रांग. भरतीला ती दिसत नाही, आणि होडी तिच्यावर गेली की फळ्यांचा भुगा. त्या खडपातून आत यायला एकच अरुंद वाट. ती सापडायची कशी? दर्यातून बघताना वाकड्या माडाचा शेंडा आणि मागच्या डोंगरावरच्या देवळाचा कळस एकाखाली एक आले, की होडीचं नाक त्या रेषेत धरायचं आणि आत यायचं. वाडीतल्या प्रत्येक पुरुषाला ही खूण ठाऊक. पण ती तोंडानं सांगायची नाही, बायकांना तर नाहीच, असा इथला रिवाज. पोर बापाबरोबर होडीत बसलं की ते आपसूक शिकतं. हौसाबाई होडीत कधी बसलीच नव्हती. बसणार कशी, भित्री ती!

त्याच नोव्हेंबरातली गोष्ट. लवू आणि त्याचा जोडीदार हरिश्चंद्र पहाटे होडी घेऊन गेले. आभाळ जरा भरलेलं होतं, पण असं पाऊस गेल्यावर कधीमधी भरतंच. लवूचा मोबाईल नेहमीसारखा देव्हाऱ्यापाशी ठेवलेला, खाऱ्या पाण्यात नेऊन बिघडवायचा कशाला म्हणून. नवऱ्याची पाठ वळली तसा हौसाबाईनं डाव साधला. वरच्या गावातून बाबलीला बोलावून आणलं. बाबली माडांवर चढणारा, नारळ पाडणारा गडी. दर्याशी त्याचा संबंध माशाच्या कढीपुरता.

"घोवाक इचारलंस मा?" त्यानं वर चढण्याआधी विचारलं.

"तू चड आदी. तेका मी बगतंय."

तो चढला, आधी शेंडा उतरवला, मग दोर लावून बुंधा अंगणाबाहेर पाडला. जमीन हादरली. हौसाबाईनं वर बघितलं. मोकळं आभाळ! कौलांवर सावलीसुद्धा नाही. कितीतरी दिवसांनी तिला मोकळा श्वास आला. बाबलीला तिनं पोटभर जेवायला घातलं, वर माशाची तुकडी वाढली.

तो गेला आणि वारा आला. आधी नुसती सळसळ, मग माड गदागदा हलायला लागले. दुपार सरता सरता दर्याचा रंग पालटला आणि लाटांचा आवाज घरात ऐकू यायला लागला. कुणाच्या तरी टीव्हीवर वादळाची बातमी होती, पुढे त्याचं नाव फयान म्हणून कळलं. पण होड्या गेलेल्या होत्या त्यांना कोण सांगणार? पुळणीवर बायका जमल्या. काही होड्या आभाळ बघून लवकर, माड पडायच्या आधीच, परतल्या होत्या, त्या वर ओढायची धांदल. लवूची होडी त्यांत नव्हती. हौसाबाईनं कृष्ण कृष्ण सुरू केलं, पण तेवढं तर नेहमीचंच होतं.

जानकी तिच्या सोबतीला म्हणून घरी आली आणि अंगणातच थबकली.

"गो हौसा, माड खंय?"

"तोडून घेतलंय. सकाळीच."

जानकीनं कपाळावर हात मारला. तिचा नवरा आता हयात नव्हता, आणि शेवटच्या आजारात तो बरंच काही बडबडून गेला होता. "काय केलंस गो तू ह्या! खडपातली वाट त्या माडार धरतत. तो शेंडो नाय दिसलो तर होडी सरळ दगडार येतली!"

हौसाबाईला आधी कळलंच नाही. मग कळलं. ती तिथंच अंगणात बसली. रवांदे, रवांदे म्हणणारा लवू तिच्या डोळ्यांपुढे आला. आयुष्यभर ती वाटेल त्याला भीत आली होती, आणि या सगळ्या भीतीनं अखेर तिच्याच हातानं नवऱ्याची वाट मोडली होती. "मी मारलंय तेका," ती म्हणाली. "जानकी, मी मारलंय गो तेका!"

"गप! अजून काय झाला नाय. उठ," जानकी म्हणाली.

उजेड उतरत चालला होता. पाऊस आडवा लागलेला. हौसाबाई उठली ती सरळ पडवीत गेली. माडाची जागा पडवीच्या अगदी पुढ्यात. तिथं उघड्यावर काही पेटणार नव्हतं, पण पडवीत पेटलं असतं, आणि दर्यातून दिसलंही असतं. तिनं साठवलेली सोडणं, नारळाची सुकी सालं, आणून ढीग घातला, रॉकेलचा डबा उपडा केला आणि काडी ओढली. भडका उडाला. सोडणं ती किती पुरणार? मग जळणाची लाकडं गेली. मग घर बांधून उरलेल्या रिपा. वारा आग खाली दाबत होता आणि पाऊस तिच्यावर थुंकत होता.

"आणखी काय सुका आसा?" तिनं विचारलं.

जानकीची नजर दारावर गेली.

हौसाबाईनं कुऱ्हाड घेतली. फणसाचं लाकूड ते, लवकर फुटतंय थोडंच! पहिला घाव बसला तेव्हा तिच्या तोंडून हुंदका बाहेर पडला. दुसऱ्याला नाही पडला. पुढचं दार गेलं, मागचं गेलं, हिरव्या खिडक्या गेल्या. ज्वाळा वर चढून पडवीच्या वाशांना लागल्या आणि कौलं फटाफट तडकून खाली यायला लागली. "घर जातला गो!" जानकी तिला मागे ओढत किंचाळली. "जांवदे," हौसाबाई म्हणाली. "जळांदे सगळा." आणि ती दर्याकडे बघत राहिली. तिकडे काळोखाशिवाय काहीही नव्हतं. तिला रडूही येईना. ती नुसती उभी होती, आणि मनातल्या मनात एकच चाललं होतं, ये रे ये, हय ये, हय बघ.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. पुळणीवर गलका झाला. माणसं धावली. पाठोपाठ पावसातून कुणीतरी तिच्या नावानं बोंब मारत वर येताना ऐकू आलं.

"हौसा! गो हौसाऽ!"

लवू होता. अंगावर धड कपडे नाहीत, कपाळाला खोक, एका पायात लंगडत. अंगणात येऊन तो तिच्याकडे न बघताच सरळ जळत्या पडवीत शिरायला निघाला. मागून धावत आलेल्या दोघांनी त्याला धरला तर त्यांना हिसडे मारायला लागला. "सोडा माका! माजी बायल आत आसा!"

"मी हय आसंय," हौसाबाई म्हणाली.

त्यानं वळून बघितलं. हातात कुऱ्हाड, तोंड काजळीनं काळं, केस पिंजारलेले. ओळखायला त्याला क्षणभर लागला. मग तो तिथंच चिखलात बसला आणि दोन्ही हातांत तोंड धरून मोठ्यानं रडायला लागला. एवढा मोठा बाप्या, सगळ्या वाडीसमोर.

तिला वाटलं, आता सांगावं. "अहो, तो माड..."

"खयचो माड?" मागून हरिश्चंद्र धापा टाकत आला होता, तो खेकसला. "असल्या पावसात माड कोणाक दिसता? कळस दिसता? कायएक दिसा नाय होता! आमी हय येवकच नाय होतव. वाऱ्याबरोबर देवगडच्या बंदरात जावक निघाललव, सुखरूप पोचलव असतव. इतक्यात ह्येका ही आग दिसली. घर पेटला, हौसा आतमदी, इतक्याच म्हणाल्यान आणि सुकाणू फिरवल्यान! मी पाय धरलंय ह्येचे, खडप आसा म्हणान बोंबललंय. आयकता खंय? डोळे मिटून होडी घातल्यान दगडांत. होडीचे दोन तुकडे झाले, बायो. कसे जित्ते रवलव तो देवच जाणा."

हौसाबाईच्या हातातली कुऱ्हाड गळून पडली. सबंध संध्याकाळ ती ज्या भीतीनं मरत होती, ती भीती काहीच नव्हती. तो देवगडला निघाला होता. चांगला सुखरूप निघाला होता. तिनं त्याला बोलावून घेतलं, त्या दगडांत, आणि तो आला.

ती त्याच्याजवळ चिखलात बसली. त्याचं डोकं तिनं छातीशी धरलं तेव्हा तिचे हात थडथड उडायला लागले, दात वाजायला लागले, आणि सगळे म्हणत होते, आता कशाला घाबरतेस, आला ना तो.