फुकटचा पिक्चर

आमच्या नारपोलीतल्या मंडळाने एका रविवारी वयात आलेल्या पोरींना आणि त्यांच्या आयांना फुकट पिक्चर दाखवला. मुलींच्या दुःखाला वाचा फोडणारा म्हणे. फुकट म्हटल्यावर आमच्या वहिनी पहिल्या रांगेत. शेजारी त्यांची लेक, म्हणजे माझी भाची, आणि तिच्या पलीकडे मी.

पिक्चरमधली पोरगी आमच्यासारख्याच लूमवाल्यांच्या, यंत्रमागावर राबणाऱ्यांच्या वस्तीतली. पण अगंबाई, काय तो अवतार! तोंडाला काजळी फासलेली. अरे मेल्यांनो, लूमच्या शेडमधून माणूस बाहेर पडतो तो कापसाच्या धुळीने पांढरा होऊन! भुवया मात्र पार्लरमधून कोरून आणलेल्या. आणि आजूबाजूला लूम धडधडत असताना ही बया आईच्या कानात कुजबुजते, "मलाही माझं आभाळ हवंय." शेडमध्ये बोंबललं तरी ऐकू येत नाही, सगळं हातवाऱ्यांवर चालतं. वहिनींनी उभा जन्म तिथे सुताच्या कांड्या भरण्यात घातलाय. त्यासुद्धा फिस्सकन हसल्या. मला वाटलं, चला, बाईला कळतंय.

कसलं काय! पुढे पोरीची आई खोकून खोकून मेली, पोरगी शिकायला परगावी हॉस्टेलवर गेली, आणि तिथे जो भेटेल तो राक्षस. वॉर्डन राक्षस, मैत्रीण राक्षस, चहावालासुद्धा राक्षस. शेवटी पोरीने खाडीत उडी घेतली आणि मागे बासरी वाजली. हॉलभर हुंदके. मंडळाचे अध्यक्ष डोळे पुसत म्हणाले, "आयांनो, मुलींना जपा." मग समोसे वाटले.

घरात पाऊल टाकल्या टाकल्या वहिनी लेकीला म्हणाल्या, "नाशिकला न्हाय जायचं."

भाचीला नाशिकला नर्सिंगची जागा मिळाली होती. कागद द्यायची मुदत दुसऱ्याच दिवशी, सोमवारी संपत होती. माझा भाऊ गेल्यावर घरचं सगळं बघून तिने बारावी काढली होती.

"वहिनी, डोकं फिरलंय का तुमचं? पिक्चर होता तो!"

"आगीशिवाय धूर निघतो का?"

"मघाशी त्यांच्या लूमला हसलात ना? मग हॉस्टेलही त्यांनी तसंच रंगवलं असेल!"

"लूम मला ठाऊक हाय. हॉस्टेल कुठं ठाऊक हाय?"

तेवढ्यात भाची म्हणाली, "आई, त्या पोरीला पिक्चरभर कुणाचा एक फोन तरी आला का? तिला आत्या नाय, शेजारी नाय, आईला तर त्यांनी आधीच मारून टाकली. मला तू आहेस ना?"

मी मनात म्हटलं, शाब्बास पोरी. वहिनी पीठ मळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तिला आई नव्हती म्हणून ती गेली. तुला हाय, म्हणून तू न्हाय जायचीस."

मी भांडले, रडले, हात जोडले. सोमवार गेला.

भाची आता काल्हेरच्या एका गोदामात पार्सलांना चिकटपट्ट्या लावते. माझा अजून संताप होतो. तिच्यावर काही कुणी पिक्चर काढणार नाही. तिला कुणी छळलं नाही, कुणी फसवलं नाही. ड्युटी संपली की ती सुखरूप घरी येते, आणि वहिनी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, वेळेवर पिक्चर बघितला म्हणून माझी पोर वाचली.